घरी पुस्तक ध्वनिमुद्रित करताय? ऑडॅसिटीत कोणतं काम आधी, कोणतं नंतर

अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं आणि कथा-कादंबऱ्या घरी वाचून, मुद्रित करून देणारी मंडळी पुण्यात बरीच आहेत. वाचन बहुतेकांचं चांगलं असतं, पण संस्थेकडून फाईल परत येते. कारणंही ठरलेली: प्रकरणाच्या मधेच आवाज बदलतो, वाक्याचं शेवटचं अक्षर गिळलं जातं, शब्दांमागे पाण्याखालून आल्यासारखी गुळगुळ ऐकू येते, नाहीतर पेन ड्राइव्हवरची फाईल उघडतच नाही. यातल्या बहुतेक तक्रारी कामाचा क्रम उलटा झाल्यामुळे येतात. आधी आवाज मोठा केला आणि मग खरखर काढायला घेतली. पाच दिवसांचे तुकडे आधी जोडले आणि मग सगळे एकदम साफ करायला बसलो. मधेच एमपी३ केली आणि तीच पुन्हा उघडून कापली.

योग्य क्रम असा: मुद्रण, राखीव प्रत, सफाई, कापाकापी, जोडणी, पातळी, निर्यात. खालची माहिती ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरच्या ३ मालिकेतल्या आवृत्त्यांची आणि विंडोजवरची आहे. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड समजा. सॉफ्टवेअर मोफत आहे आणि ते ऑडॅसिटीटीम डॉट ओआरजी याच साइटवरून घ्यावं. शोधात वर येणाऱ्या इतर साइटवरच्या प्रतींबरोबर भलतंसलतं काहीतरी येतं.

परवानगीचं आधीच पाहून ठेवा. भारतीय कॉपीराइट कायद्यात २०१२च्या दुरुस्तीनंतर अपंग व्यक्तींसाठी त्यांना वापरता येईल अशा स्वरूपात, नफा न घेता पुस्तकाची प्रत करायला मुभा आहे. तेच मुद्रण यूट्यूबवर सगळ्यांसाठी टाकलंत तर ही मुभा लागू होत नाही. लेखक-प्रकाशकांची परवानगी लागते.

टप्पा १ : जागा आणि वेळ

सॉफ्टवेअरने खोली बदलत नाही. पंख्याची संथ घरघर नंतर कमी करता येते. भिंतींवरून परतणारा घुमारा मात्र एकदा मुद्रणात शिरला की निघत नाही. म्हणून हॉलपेक्षा झोपायची खोली बरी. गादी, उशा, पडदे, कपड्यांचं उघडं कपाट हे सगळं कामाला येतं. घरात एकच जाड गोधडी असेल, तर ती माइकच्या मागे न टांगता तुमच्या पाठीमागे टांगा. माइकचं तोंड तुमच्याकडे असतं. तुमच्या मागच्या भिंतीवरून परतलेला आवाज थेट त्याच्यात जातो.

वेळ निवडताना स्वतःच्या गल्लीचा दिनक्रम एक दिवस कागदावर लिहून काढा. कचऱ्याच्या गाडीचं गाणं, भंगारवाल्याचा भोंगा, सोसायटीची पाण्याची मोटर, शेजारचे कुकर या सगळ्यांच्या वेळा बऱ्यापैकी ठरलेल्या असतात. विमाननगर, कल्याणीनगर, लोहगावकडे विमानांचा आवाज धरूनच चालावं. हवाई दलाची लढाऊ विमानं उडाली की सरळ थांबायचं आणि ते वाक्य पुन्हा घ्यायचं. गणपतीच्या आधीचे काही आठवडे नदीपात्राच्या आसपास राहणाऱ्यांनी संध्याकाळचं काम ठरवूच नये. ढोल-ताशाच्या सरावाचा ठोका बंद खिडकीतूनही येतो आणि तो कुठल्याही फिल्टरने जात नाही.

एक उलटा फायदाही आहे. पुण्यात देखभालीसाठी बऱ्याच भागांत गुरुवारी वीज बंद ठेवतात. आजूबाजूचे एसी, मोटारी, मिक्सर तेव्हा गप्प असतात. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून ठेवला असेल, तर मुद्रणाला यासारखी वेळ नाही. फक्त इन्व्हर्टरवर चार्जर लावू नका. स्वस्त इन्व्हर्टरची भुणभुण मुद्रणात उतरते.

पंखा बंद, फ्रिज शेजारच्या खोलीत असेल तर दार बंद, मोबाइल एरोप्लेन मोडवर. एप्रिल-मे मध्ये वीस-वीस मिनिटांचे तुकडे करा. घामेजून वाचलेलं ऐकणाऱ्याला कळतं.

तपासणी : बसायच्या जागी एकदा टाळी वाजवा. टाळीच्या शेपटीला धातूसारखी झणझण ऐकू आली तर अजून कापड टांगा. कोरडी ‘टप्’ आली की जागा तयार.

टप्पा २ : माइक, पिन आणि अंतर

महाग माइक लागत नाही, पण ब्लूटूथ इअरबड्सचा माइक अजिबात नको. माइक म्हणून वापरताच ते फोनवर बोलण्याच्या दर्जावर उतरतात, आणि ‘स’, ‘श’ एकसारखेच ऐकू येऊ लागतात. साधा यूएसबी माइक पुरतो. वायरचा कॉलर माइकही चालतो.

कॉलर माइकवाल्यांचा घोळ पिनवर होतो. मोबाइलसाठीच्या ३.५ मिलिमीटर पिनेवर तीन काळ्या पट्ट्या असतात, जुन्या संगणकाच्या माइकच्या भोकाला दोन पट्ट्यांची पिन लागते. चुकीची पिन घातली की माइक ‘चालू’ दिसतो, पण आवाज येत नाही किंवा अगदी पुसट येतो. अशा वेळी माइक आणि हेडफोन वेगळे करणारी स्प्लिटर वायर लागते. पुण्यात तापकीर गल्लीतल्या दुकानांत पिन दाखवली की मिळते. लॅपटॉपला एकच भोक असेल, तर बहुधा तीन पट्ट्यांची पिनच चालते.

माइक तोंडापासून साधारण १५ सेंटिमीटर लांब आणि किंचित बाजूला ठेवा. समोर ठेवलात तर प, फ, ब, भ म्हणताना श्वासाचा झोत थेट माइकवर आदळून ‘धप्प’ असा आवाज येतो. मराठीत महाप्राण अक्षरं भरपूर, त्यामुळे हा त्रास जास्तच. माइकवर स्पंजची टोपी असू द्या. स्टँडखाली घडी केलेला जाड टॉवेल घाला, म्हणजे टेबलाला लागलेला धक्का वर पोहोचत नाही. पान उलटताना वाचू नये: वाक्य संपवा, पान उलटा, थांबा, मग पुढे.

अंतर रोज सारखं राहिलं पाहिजे. पहिल्या दिवशी १५ आणि तिसऱ्या दिवशी ३० सेंटिमीटर, असं झालं तर नंतर पातळी कितीही जुळवली तरी दोन दिवसांचा आवाज दोन खोल्यांतला वाटतो. माइकपासून हनुवटीपर्यंत दोरा मापून ठेवला तरी पुरे.

टप्पा ३ : ऑडॅसिटी उघडल्यावर, रेकॉर्डचं बटण दाबण्याआधी

१. ऑडिओ सेटअपमध्ये रेकॉर्डिंग डिव्हाइस म्हणून तुमचा माइक निवडा. लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडलेला राहणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. खात्रीसाठी माइकच्या जाळीवर बोटाने हलकेच खाजवा. मीटर जोरात उसळला तर तोच माइक चालू आहे.

२. रेकॉर्डिंग चॅनेल १, म्हणजे मोनो. एकट्या माणसाच्या वाचनाला स्टिरिओ लागत नाही, फाईल मात्र दुप्पट होते.

३. सॅम्पल रेट ४४१०० हर्ट्झ आणि सॅम्पल फॉरमॅट ३२ बिट फ्लोट. दोन्ही सहसा आधीपासूनच असतात, बदलू नका.

४. ‘सॉफ्टवेअर प्लेथ्रू’ आणि ‘साउंड अ‍ॅक्टिव्हेटेड रेकॉर्डिंग’ दोन्ही बंद. पहिल्याने स्पीकरवर आवाज परतून प्रतिध्वनी तयार होतो. दुसऱ्याने प्रत्येक वाक्याचं पहिलं अक्षर कापलं जातं.

५. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये जाऊन माइकसाठीच्या ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ बंद करा. ‘पहिले दोन शब्द मोठे येतात आणि मग आवाज बुडतो’ ही तक्रार इथली आहे. विंडोज तुमच्या आवाजालाच गोंगाट समजून दाबत असतं.

६. काही वाचण्याआधी प्रोजेक्ट सेव्ह करा. फाईल संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवा.

सावधान : चालू प्रोजेक्ट पेन ड्राइव्हवर किंवा गूगल ड्राइव्ह-वनड्राइव्हसारख्या आपोआप अपलोड होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवू नका. प्रोजेक्टच्या फाईलमध्ये सतत लिहिणं चालू असतं. मधेच अपलोड सुरू झालं तर ती बिघडू शकते. जुन्या पद्धतीने, म्हणजे फॅट३२ने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसतच नाही.

४ जीबी फार वाटतात, पण हिशेब करा. या सेटिंगमध्ये एका तासाच्या मोनो मुद्रणाला सुमारे ६३५ एमबी लागतात. पूर्ण ट्रॅकवर एक इफेक्ट दिला की अनडूसाठी जुनी प्रतही जपली जाते, म्हणजे पुन्हा तेवढेच. चार-पाच इफेक्टांत एका तासाचं प्रोजेक्ट ३ जीबीच्या पुढे जातं. म्हणून एका प्रोजेक्टमध्ये एकच प्रकरण.

तपासणी : नेहमीच्या आवाजात ३० सेकंद वाचा, त्यात एक मोठ्याने म्हणायचा संवाद असू द्या. मीटरवरची सर्वांत उंच टोकं -१२ ते -६ डीबीच्या (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) दरम्यान असावीत. शून्याला लागली तर तो भाग फाटतो, आणि फाटलेला आवाज पुन्हा सांधत नाही. -२४च्या वर जातच नसेल तर माइकची पातळी वाढवा. ‘नंतर मोठा करू’ असं म्हणणाऱ्यांनी एवढं पाहावं: बोलणं -२४ आणि खोलीची घरघर -६० असेल, तर बोलणं १८ डीबीने वर नेताना घरघरही -४२ला पोहोचते. एवढी घरघर कुणालाही ऐकू जाते.

टप्पा ४ : मुद्रण

आर दाबलं की मुद्रण सुरू, स्पेस दाबलं की बंद. पुन्हा आर दाबलं तर त्याच ट्रॅकच्या शेवटी पुढे सुरू होतं.

सुरू केल्यावर पहिले दहा सेकंद काही बोलू नका, हलू नका, जोरात श्वासही घेऊ नका. खोलीची ही शांतता पुढे दोनदा लागणार आहे: खरखर ओळखायला आणि रिकाम्या जागा भरायला. प्रत्येक बैठकीत ती नव्याने घ्या. सोमवारच्या आणि गुरुवारच्या खोलीची शांतता एक नसते.

चूक झाली की काय करायचं, यात दोन पद्धती आहेत.

पहिली, ‘पंच अँड रोल’. चुकलात की स्पेस दाबून थांबा. चुकलेल्या वाक्याच्या आधीच्या विरामात क्लिक करा आणि शिफ्ट+डी दाबा. आधीचे पाच सेकंद ऐकू येतात आणि क्लिक केलेल्या जागेपासून मुद्रण आपोआप सुरू होतं. तुम्ही फक्त सुरात सूर मिसळून पुढे वाचायचं. हेडफोन मात्र हवेतच. ही पद्धत अंगवळणी पडली की कापाकापीचं बरंचसं काम उरतच नाही.

सावधान : शिफ्ट+डी दाबताच क्लिक केलेल्या जागेच्या उजवीकडचं त्या ट्रॅकवरचं सगळं जातं. म्हणून ती फक्त शेवटच्या चुकीसाठी. दहा मिनिटांपूर्वीची चूक आठवली तर तिथे जाऊन ही कळ दाबू नका. गडबडीत दाबलीच, तर लगेच थांबून कंट्रोल+झेड.

दुसरी पद्धत सोपी आहे. मुद्रण थांबवू नका. चुकलात की एक टाळी वाजवा, दोन सेकंद थांबा आणि पूर्ण वाक्य पहिल्यापासून घ्या. नंतर लहरींच्या चित्रात टाळीचा उभा सुळका लांबूनही दिसतो. त्याच्या डावीकडचं चुकीचं वाक्य काढून टाकायचं. अर्ध्या वाक्यापासून कधीच उचलू नका. वाक्याच्या मधला सूर पुन्हा तसाच लागत नाही आणि सांधा उघडा पडतो.

शंकेच्या जागी, म्हणजे उच्चाराची खात्री नाही किंवा आकृतीचं वर्णन करायचं राहिलं अशा ठिकाणी, वाचता वाचताच कंट्रोल+एम दाबा. तिथे लेबल, म्हणजे खुणेची चिठ्ठी, पडतं.

टप्पा ५ : राखीव प्रत

हा टप्पा पाच मिनिटांचा आहे, आणि हाच वगळला जातो. बैठक संपली की काहीही न कापता एक्स्पोर्ट करून वेव्ह फाईल काढा: मोनो, १६ बिट. तासाला सुमारे ३१८ एमबी. ती दुसऱ्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर टाका आणि तिला पुन्हा हात लावू नका.

इथे एमपी३ काढू नका. एमपी३ करताना आवाजातला काही तपशील कायमचा टाकून दिला जातो. ती उघडून, कापून पुन्हा एमपी३ केली की पुन्हा काही जातो. तिसऱ्या फेरीला ‘स’ शिट्टीसारखा वाजू लागतो.

टप्पा ६ : सफाई, बैठकीनुसार

इथे क्रम सर्वांत महत्त्वाचा. प्रत्येक बैठक वेगळी असतानाच साफ करायची, जोडण्याच्या आधी. आणि आवाज मोठा करण्याच्याही आधी.

१. खालचे स्वर कमी करा. पूर्ण ट्रॅक निवडून ‘फिल्टर कर्व्ह ईक्यू’ उघडा आणि तयार प्रीसेटमधला ‘लो रोल-ऑफ फॉर स्पीच’ लावा. रस्त्यावरची घुमघुम, टेबलाचे धक्के आणि ‘धप्प’चा बराचसा भाग यातच जातो. विजेची ५० हर्ट्झची गुणगुणही कमी होते. तरीही गुणगुण ऐकू येत असेल तर दोष चार्जरमध्ये शोधा. चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण केलं की ती बहुधा थांबते.

२. आता ‘नॉइज रिडक्शन’. सुरुवातीच्या दहा सेकंदांतले स्वच्छ पाच-सहा सेकंद निवडा आणि ‘गेट नॉइज प्रोफाइल’ दाबा. मग पूर्ण ट्रॅक निवडा, तोच इफेक्ट पुन्हा उघडा आणि तिन्ही आकडे ६-६-६ ठेवून लावा. पहिला आकडा, म्हणजे किती डीबीने कमी करायचं तो, फार तर ९ पर्यंत न्या. त्यापुढे शब्दांमागे ती पाण्याखालची गुळगुळ सुरू होते.

प्रोफाइल पहिल्या पायरीनंतरच घ्यायचं. आधी घेतलं आणि मग ईक्यू लावला, तर ज्या खरखरीची नोंद घेतली ती आता ट्रॅकमध्ये तशी उरलेलीच नसते.

तपासणी : त्याच खिडकीत ‘रेसिड्यू’ नावाचा पर्याय आहे. तो निवडून प्रीव्ह्यू ऐका. जे काढून टाकलं जाणार आहे तेवढंच ऐकू येतं. त्यात फक्त फसफस असेल तर ठीक. शब्द ओळखता येत असतील तर तुम्ही वाचकाचा आवाजच कापताय, आकडे कमी करा. ऐकून झालं की पर्याय परत ‘रिड्यूस’वर आणायला विसरू नका. विसरलात तर सगळं प्रकरण जाऊन नुसती फसफस उरते.

हॉर्न, कुकरची शिट्टी, कुत्र्याचं भुंकणं, कोकीळ यांवर हा इफेक्ट चालत नाही. तो सतत एकसारख्या आवाजावरच चालतो. विरामात आलेला हॉर्न शांततेच्या तुकड्याने झाकता येतो. शब्दावर आला असेल तर ते वाक्य पुन्हा वाचावं लागतं. ‘नॉइज गेट’ने, म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज दाबणाऱ्या इफेक्टने, सगळे विराम साफ करण्याचा मोह होतो, पण मराठीला तो मानवत नाही. ‘आहे’, ‘नाही’, ‘होतं’ असे शब्द वाक्याच्या शेवटी हळू होत विरतात, आणि गेट नेमकं त्यांच्यावरच मिटतं.

टप्पा ७ : कापाकापी

हेडफोन लावा. कंट्रोल+१ने चित्र मोठं करा, कंट्रोल+३ने लहान. निवडलेला भाग डिलीटने जातो, कंट्रोल+आयने त्या जागी तुकडा दुभागतो. लेबलं असतील तर कापण्याआधी ट्रॅक्स मेनूतला ‘सिंक-लॉक’ चालू करा. नाहीतर आवाज पुढे सरकतो आणि लेबलं जिथल्या तिथे राहतात.

कापायची जागा विरामात निवडा. निवड केल्यावर झेड दाबलं की तिच्या कडा लहर शून्य रेषेला जिथे छेदते तिथे सरकतात, त्यामुळे सांध्यावर ‘टिक्’ येत नाही.

मराठी वाचन कापताना एक गोष्ट डोळ्यांना फसवते. क, ट, त, प यांसारख्या व्यंजनांच्या आधी तोंड क्षणभर मिटतं आणि चित्रात तिथे रिकामी जागा दिसते. जोडाक्षरात ती आणखी लांबते: ‘पत्ता’, ‘पक्का’, ‘कट्टा’. ती रिकामी जागा अक्षराचाच भाग आहे. ती विराम समजून आखडलीत की ‘पत्ता’चा ‘पता’ होतो. उलट बाजूला ख, घ, थ, ध, भ यांच्यामागे हवेची बारीक शेपटी असते. ती चित्रात जवळजवळ दिसत नाही. शब्द संपल्यासारखा दिसला तरी आणखी थोडं पुढे जाऊन कापा. शंका आली तर डोळे मिटून ऐका.

श्वास पूर्ण काढू नका. श्वासाशिवाय वाचलेलं पान ऐकणाऱ्यालाच धाप लागते. फार मोठा आलेला श्वास निवडून ‘अ‍ॅम्प्लिफाय’मध्ये -८ डीबी द्या. अर्धा श्वास कापून अर्धा ठेवणं सर्वांत वाईट.

विरामांना आमची मापं अशी: स्वल्पविरामाला ०.३ ते ०.५ सेकंद, पूर्णविरामाला ०.६ ते ०.८, परिच्छेदाला सव्वा ते दीड. गणित-विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात यापेक्षा जास्त सोडा, कारण ऐकणारा ब्रेलमध्ये टिपून घेत असतो.

विराम वाढवायचा असेल तर सुरुवातीच्या शांततेतला तुकडा कॉपी करून तिथे चिकटवा. ‘जनरेट सायलेन्स’ किंवा कंट्रोल+एलने भरलेली शांतता पूर्ण मुकी असते. खोलीची हलकी सळसळ मधेच तुटली की ऐकणाऱ्याला फाईल बंद पडल्यासारखी वाटते.

सावधान : ‘ट्रंकेट सायलेन्स’ हा इफेक्ट सगळे लांब विराम एका दमात आखडतो. त्यातली मूळ मर्यादा -२० डीबी असते आणि वाचनासाठी ती फार वरची आहे. हळू म्हटलेले शब्दही तो शांतता समजून खातो. वापरायचाच असेल तर मर्यादा -४५च्या आसपास आणा आणि एक सेकंदापेक्षा लांब विरामच त्याच्या तावडीत जातील असं पाहा. कवितेच्या प्रकरणावर तर लावूच नका.

टप्पा ८ : जोडणी

एकाच प्रकरणाच्या दोन-तीन बैठका असतील तरच हा टप्पा लागतो. नव्या प्रोजेक्टमध्ये सगळे साफ केलेले तुकडे वेव्ह स्वरूपात आयात करा. एखादा भाग मोबाइलवर मुद्रित असेल तर एम४ए किंवा व्हॉट्सअ‍ॅपची फाईल उघडायला एफएफएमपेग नावाची जोड बसवावी लागू शकते. असा भाग शक्यतो जोडूच नये, बाकीच्याशी तो कधीच पूर्ण जुळत नाही.

एखादा ट्रॅक स्टिरिओ दिसला आणि त्याची एकच पट्टी भरलेली असेल, तर ट्रॅकच्या मेनूतून ‘स्प्लिट स्टिरिओ टू मोनो’ करून रिकामी पट्टी काढून टाका. सरळ मिसळून मोनो केलंत तर आवाज ६ डीबीने पडतो.

जोडण्याआधी प्रत्येक तुकडा वेगळा निवडून ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ लावा. पद्धत आरएमएस (म्हणजे आवाजाची सरासरी पातळी), आकडा -२०. सगळे तुकडे एका पातळीवर आले की मगच एकामागे एक लावा. सांधा परिच्छेदाच्या शेवटी ठेवा, तिथे आवाजाचा पोत थोडा बदलला तरी खपतो.

तपासणी : प्रत्येक सांध्याच्या आधीचे आणि नंतरचे दहा सेकंद डोळे मिटून ऐका. सांधा कुठे आहे ते ओळखू आलं नाही म्हणजे झालं.

टप्पा ९ : शेवटची पातळी

एका बैठकीचं प्रकरण असेल तर -२०चं नॉर्मलायझेशन इथे करा. त्यानंतर दोन्ही प्रकारांत ‘लिमिटर’, म्हणजे मर्यादेच्या वर जाणारी टोकं दाबणारा इफेक्ट, मर्यादा -३.५ डीबी. नव्या आवृत्त्यांत ‘मेक-अप टार्गेट’ही दिसतं, तेही -३.५च ठेवा, म्हणजे तो आवाज आपणहून वाढवत नाही. लिमिटर नेहमी सर्वांत शेवटी. त्यानंतर ईक्यू किंवा नॉर्मलायझेशन लावलं की त्याची मर्यादा मोडते.

मोजून पाहा: पूर्ण ट्रॅक निवडून अ‍ॅनलाइझ मेनूतलं ‘मेझर आरएमएस’. व्यावसायिक ऑडिओबुकसाठी -२३ ते -१८ डीबी, सर्वोच्च टोक -३ आणि नुसती शांतता -६०च्या खाली अशी अट मागितली जाते. वर्दळीच्या रस्त्यालगतच्या फ्लॅटमध्ये शांतता -५५ला थांबली तरी ऐकणाऱ्याची तक्रार येत नाही. तिला -६०च्या खाली ढकलण्यासाठी नॉइज रिडक्शन दुसऱ्यांदा लावलात तर तक्रार येईल.

संगीताबद्दल थोडक्यात: पाठ्यपुस्तकात नकोच. कथावाचनाच्या आरंभी हवं असेल तर वापरायची परवानगी असलेलं घ्या, आणि बोलताना ते आपोआप खाली जावं म्हणून ‘ऑटो डक’ वापरा. त्यासाठी संगीताचा ट्रॅक वर आणि वाचनाचा त्याच्या लगेच खाली लागतो. निवडायचा मात्र संगीताचा. उलटं लावलं की ‘कंट्रोल ट्रॅक नाही’ असं सांगून तो अडून बसतो. दोन्ही ट्रॅक मिसळताना आवाजांची बेरीज होते, म्हणून लिमिटर या मिश्रणावर पुन्हा लावा.

टप्पा १० : निर्यात

कंट्रोल+एसने फक्त प्रोजेक्ट सेव्ह होतं. ती एयूपी३ फाईल ऑडॅसिटीशिवाय कुठेच वाजत नाही. ‘पेन ड्राइव्हवर टाकलं पण प्लेअरवर दिसत नाही’ या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. ऐकायची फाईल एक्स्पोर्टनेच निघते.

एमपी३, मोनो, ‘कॉन्स्टंट’ बिट रेट. नुसत्या वाचनाला ६४ केबीपीएस पुरतात, तासाला सुमारे २९ एमबी. संस्थेने वेगळा आकडा दिला असेल तर तो. आरंभी अर्धा ते एक सेकंद आणि शेवटी दोन-तीन सेकंद खोलीची शांतता ठेवा. काही प्लेअर पहिला क्षण गिळतात आणि प्रकरणाचं नाव अर्धवट ऐकू येतं.

फाईलच्या नावात क्रमांक आधी, दोन किंवा तीन अंकी: ००१, ००२. नुसतं १, २ दिलंत तर अनेक प्लेअर १ नंतर १० वाजवतात. नाव रोमन अक्षरांत द्या, कारण जुन्या प्लेअरना देवनागरी नाव वाचता येत नाही, आणि नाव बोलून दाखवणारी यंत्रंही तिथे अडखळतात. टॅगच्या खिडकीत पुस्तकाचं नाव, लेखक आणि प्रकरणाचा क्रमांक भरा.

तपासणी : फाईल संगणकावर न ऐकता पेन ड्राइव्हवर टाकून मोबाइलवर किंवा साध्या प्लेअरवर लावा. पहिलं मिनिट, शेवटचं मिनिट आणि मधली तीन ठिकाणं. समोर पुस्तक उघडं ठेवून, शक्यतो दुसऱ्या कुणाकडून, एकदा पूर्ण ऐकून घ्या. वगळलेली ओळ वाचणाऱ्याला स्वतःला सापडत नाही. चूक निघाली तर एमपी३ला हात न लावता प्रोजेक्टमध्ये दुरुस्त करा आणि पुन्हा निर्यात करा. राखीव वेव्ह फाईल संस्थेकडून पोच येईपर्यंत तरी पुसू नका.